ड्रॅगनच्या पेटीसाठी ५० वॅटचा हॅलोजन

आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरी दोन वर्षांपासून बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे पाळीव सरडा, आहे. त्याच्यासाठी आधी ऑनलाइन लाल रात्रदिवा मागवला होता. तो अजिबात घेऊ नका. त्या उजेडात हे सरड्याचं पोरगं रात्र रात्र डोळे उघडे ठेवून बसायचं, बघून जीव तुटायचा.

आता लक्ष्मीपुरीतनं १८० रुपयांना आणलेला साधा ५० वॅटचा हॅलोजन स्पॉट लावलाय. होल्डर मात्र चिनी मातीचाच घ्या, प्लास्टिकचा वितळतो. पेटीतल्या दगडापासून वीतभर उंचीवर दिवा टांगला की दगड ४० अंशांवर येतो, तापमापकानं रोज बघतो. पेटीच्या दुसऱ्या टोकाला २६. सकाळी दिवा लागला की हा दगडावर चपटा पसरतो, पाठ काळपट करून ऊब ओढून घेतो. अंग तापलं की रंग परत पिवळसर. तोंड उघडून बसला की समजायचं, पोटभर ऊन मिळालं.

हॅलोजनमधून यूव्हीबी (उन्हातले अतिनील) किरण मिळत नाहीत, त्याची ट्यूब वेगळी लागते. तिच्यावर पैसे वाचवू नका, ते किरण नसले तर त्याची हाडं ठिसूळ होतात. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊनही त्यासाठी चालत नाही. आणि आपल्याकडं जुलैत ऊन असतंय कुठं?