हाताने चालणारा हब कटर: छोट्या दवाखान्यासाठी

वापरलेली सुई हबसकट, म्हणजे तिच्या प्लास्टिकच्या बुडासकट, कापणारा हा कटर सोलापुरात सर्जिकलच्या दुकानात मिळतो आणि विजेशिवाय चालतो. सुई जाळणाऱ्या यंत्रापेक्षा तोच बरा: जाळल्यावर हबमध्ये खुंट उरतो, इथे सुई हबसकट डब्यात पडते. टोपण परत न लावता सिरिंज सरळ आत घालावी, मूठ एका दमात पूर्ण दाबावी. अर्धवट दाबली की प्लास्टिक चेपतं, सुई अडकते आणि हात बोटांनी ओढायला धावतो. सुई टोचते ती इथेच. पातं बोथट झालं तरी हेच. सुई पक्की बसवलेली इन्सुलिनची सिरिंज मात्र कापू नये. 2016च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे ती अख्खी पांढऱ्या डब्यात, सुई कापून काढलेली साधी सिरिंज लाल पिशवीत. कटरचा डबा पाऊण भरला की बंद. खटकतं ते झाकण: अपारदर्शक असल्याने पातळी दिसत नाही.