शेफिल्डचा जुना घडीचा चाकू: बरेच महिने खिशात ठेवल्यावर

गेल्या हिवाळ्यापासून जोसेफ रॉजर्स या शेफिल्डच्या (इंग्लंडमधलं चाकूंसाठी प्रसिद्ध शहर) कंपनीचा जुना लॅम्बफूट, म्हणजे सरळ धारेच्या पात्याचा चाकू, रोज खिशात असतो, आता भरपूर वापरून झालाय म्हणून सविस्तर लिहितोय. यूकेत राहणारे सगळे आधी कायद्याचं विचारतात, तर घडीचा, लॉक न होणारा आणि ३ इंचांपर्यंत धार असलेला चाकू इथे कारण न देता जवळ ठेवता येतो. हे जुने चाकू स्लिपजॉइंट असतात, पातं फक्त पाठीमागच्या स्प्रिंगच्या जोरावर उघडं राहतं, त्यामुळे बहुतेक यात बसतात, तरी धार पट्टीने मोजून घ्या.

लॅम्बफूटची धार एकदम सरळ. ताटलीत सफरचंद कापताना पूर्ण धार टेकते, आणि पातं इतकं पातळ घासलेलं असतं की अलगद उतरतं, हल्लीचे जाड पात्याचे चाकू सफरचंद कापत नाहीत, फोडतात. पार्सल, सुतळी, पेन्सिल, दुपारची फळं, सगळं यानेच.

घेताना चकाकीवर जाऊ नका प्लीज. विकणारे मशीनवर घासून चमकवतात आणि पात्याच्या मुळाशी असलेला शिक्का पुसट होतो, आणि वय तर तिथूनच कळतं. रॉजर्सचा तारा आणि माल्टीज क्रॉस हा मार्क १६८२ चा. त्यावर 'इंग्लंड' असेल तर साधारण १८९० च्या अमेरिकन टॅरिफ कायद्यानंतरचा (त्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं), आणि सोबत 'कटलर्स टू हिज मॅजेस्टी' (राजाचे चाकू बनवणारे) पण असेल तर राजाच्या काळातला, म्हणजे बहुतेक १९०१ ते १९५२. पण मी शिक्क्याच्याही आधी खटका बघतो. उघडताना आणि मिटताना टक्क आवाज यायला हवा, पातं डुगडुगायला नको, आणि धार लावून लावून अर्धं झालेलं तर अजिबात नको.

स्टील कार्बनचं आहे त्यामुळे पहिल्याच आठवड्यात निळसर-काळं पडायला लागलं. ती पॅटिना, म्हणजे वापराने चढणारा थर, ती घासून काढू नका, तांबडा गंज दिसला तर मात्र लगेच काढा. वापरून झालं की पुसायचं आणि सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब. खायचं तेल घालू नका, चिकट होतं. कच्चा पेरू कापला की लोखंडाची चव लागते एवढी एकच तक्रार.

मुठीबद्दल. जुन्या शेफिल्ड चाकूंना आपल्याकडच्या सांबराची शिंगं लावलेली असायची, दिसतातही अप्रतिम, पण भारतातून त्यांची निर्यात १९९८ पासून बंद आहे, आणि हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर आता यूकेतही जवळपास पूर्ण बंदी आहे. मी गुरांच्या हाडाची मूठ घेतली आणि भारतात येताना काही प्रश्नच नको म्हणून तेच सुचवेन. चाकू चेक-इन बॅगेत टाका, केबिन बॅगेत नाही.

संग्रह वाढत असेल तर जुन्या सेल्युलॉइडच्या मुठीचे चाकू वेगळे ठेवा. ते सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि शेजारचे चांगले चाकूसुद्धा गंजतात. चामड्याच्या कव्हरमध्ये पण महिनोन्महिने ठेवू नका, चाकूच्या पितळी भागांवर हिरवट थर चढतो. मी सुती कापडात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवतो आणि मधूनमधून उघडून बघतो.