गॅसच्या जोडीला काय घ्यावं: इंडक्शन, इन्फ्रारेड की कॉइलची शेगडी?

सिलिंडर ऐन सकाळी संपतो, भाड्याच्या खोलीत गॅस ठेवायला मालक नको म्हणतो, किंवा घरात दोघंच उरल्यावर चहा आणि खिचडीसाठी मोठी शेगडी पेटवायचा कंटाळा येतो. मग ओट्यावर मावेल असं विजेवरचं काहीतरी घ्यायचं ठरतं. दुकानात काळ्या काचेच्या दोन चकचकीत वस्तू शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. दिसायला जवळपास सारख्या, वॅटही सारखे. विक्रेता वॉरंटी आणि भेट मिळणारं भांडं यावर बोलत राहतो. खरं तर निवड दुकानात होत नाही. ओट्याजवळचा प्लग आणि फडताळातली भांडी या दोन गोष्टी ती आधीच ठरवून बसलेल्या असतात.

इंडक्शनमध्ये काचेखाली तांब्याच्या तारेचं चपटं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा उलटसुलट होणारा प्रवाह वाहतो. त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे वर ठेवलेल्या लोखंडी बुडाच्या भांड्यातच प्रवाह फिरतो आणि भांडं तापतं. काच तापते ती भांड्याच्या उष्णतेने. इन्फ्रारेडमध्ये काचेखाली नायक्रोमची पट्टी किंवा हॅलोजन दिवा लालभडक होतो, उष्णता काचेतून वर येते आणि काचही सणसणीत तापते. कॉइलच्या शेगडीत यातलं काहीच झाकलेलं नसतं. चिनी मातीच्या खाचांत बसवलेली उघडी तार, तिच्यावर पातेलं.

कॉइलच्या शेगडीचा निकाल आधीच लावून टाकतो. ती सगळ्यात स्वस्त, कुठलंही भांडं चालतं, तार तुटली तर कोपऱ्यावरच्या दुकानात नवी मिळते. वसतिगृहांमध्ये ती वर्षानुवर्षं लपूनछपून चालते ते यामुळेच. पण त्या तारेत वीज खेळत असते. बूड वाकलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं तारेला टेकलं, की पातेल्यातच करंट उतरतो. उतू गेलेलं दूध किंवा वरणाचं पाणी तारेवर सांडलं तरी तीच गत. अर्थिंग नीट नसलेल्या जुन्या खोलीत ही वस्तू घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. बजेट तेवढंच असेल तर लोखंडी तबकडीची बंद हॉट प्लेट बघा. ती तापायला आणि निवायला वेळ खाते, पण तार झाकलेली असते.

आधी प्लग बघा

आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. घरातला लहान पिनांचा साधा सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे हिशोबाने त्यावर जास्तीत जास्त १३८० वॅट. २००० वॅटचं इंडक्शन किंवा इन्फ्रारेड पूर्ण जोरात साडेआठ अँपिअरच्या वर ओढतं. त्याला मोठ्या पिनांचा, वायरमन ज्याला पॉवर पॉइंट म्हणतात, तो १६ अँपिअरचा सॉकेट लागतो, आणि त्याच्यामागे किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. सॉकेट मोठा बसवला आणि भिंतीत वायर जुनी बारीकच राहिली तर उपयोग नाही, उलट तापणारी जागा नजरेआड जाते.

मोठा प्लग लहान सॉकेटमध्ये बसवून देणारा कन्व्हर्टर बाजारात सहज मिळतो. तो घेऊ नका. एक्स्टेन्शन बोर्डावरही यातलं काही लावू नका. वापर सुरू झाल्यावर पहिले काही दिवस वीसेक मिनिटं स्वयंपाक झाला की बटण बंद करून प्लग काढा आणि पिनांजवळ हात नेऊन बघा. कोमट लागलं तर ठीक. चटका बसत असेल, सॉकेट पिवळा-तपकिरी पडला असेल किंवा जळका वास येत असेल, तर सॉकेटची पकड सैल झाली आहे. वायरमनला बोलवा आणि तोवर वापर थांबवा. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच, असेल तर फारच उत्तम. भाड्याच्या घरात तो आहे का, हे मालकाला विचारायला लाजू नका.

खोलीत फक्त ६ अँपिअरचे सॉकेट असतील आणि फोडाफोडीची परवानगी नसेल, तर १२०० वॅटपर्यंतचं इंडक्शन मिळतं ते बघा. भात, खिचडी आणि उकडलेली अंडी एवढ्यावर भागत असेल तर साधा इलेक्ट्रिक राईस कुकर त्याहून बरा. तो साधारण ४०० ते ७०० वॅटचा असतो. पाणी आटून बुडाचं तापमान शंभराच्या वर सरकलं की त्यातलं छोटं चुंबक आपली पकड सोडतं आणि बटण खटकन वर येतं. विसरलात तरी भात करपून काळा होत नाही.

गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं तिथे अजून एक फरक आहे. १८० व्होल्टला इंडक्शन एरर दाखवून बंद पडू शकतं. इन्फ्रारेड किंवा कॉइल बहुधा चालू राहते, पण उष्णता साठ टक्क्यांवर येते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. आणि वीज गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर चालेल या भरवशावर कुणी घेत असेल तर सांगून ठेवतो: दिवे-पंख्यांच्या इन्व्हर्टरला हा भार झेपत नाही.

मग भांडी

फ्रिजवरचं एखादं चुंबक घ्या आणि फडताळातल्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला लावून बघा. घट्ट चिकटलं तर इंडक्शनवर चालेल. लोखंडी आणि बिडाचा तवा चालतो. तांबं, पितळ, साधं ॲल्युमिनियम, काच, मातीचं भांडं चालत नाही. स्टीलचा भरवसा नाही, कारण बरंच चांगलं स्टील चुंबकाला चिकटत नाही. घरातला जुना ॲल्युमिनियमचा कुकर तर जवळपास नक्कीच बाद. चुंबक चिकटलं तरी बूड सपाट हवं. खोलगट तवा आणि गोल बुडाची कढई काचेवर डुगडुगते आणि नीट तापत नाही. म्हणजे इंडक्शनच्या किमतीत एक कुकर, एक पातेलं आणि एक तवा मिळवूनच तुलना करायला हवी. हा खर्च धरला की इन्फ्रारेडची जास्तीची किंमत पुष्कळदा तितकी जास्त वाटत नाही.

इन्फ्रारेडला धातूशी देणंघेणं नाही. बूड सपाट असलं की झालं.

स्वयंपाकात काय फरक पडतो

वेगात इंडक्शन पुढे. २००० वॅटला लिटरभर पाण्याला चारेक मिनिटांत आधण येतं, इन्फ्रारेडला आधी काच तापवावी लागते म्हणून पाच-सहा लागतात. दुधाच्या बाबतीत फरक त्याहून मोठा आहे. इंडक्शनचं बटण दाबलं की उकळी तिथल्या तिथे बसते. इन्फ्रारेडवर बटण दाबूनही दूध उतू जातं, कारण काच तापलेलीच असते, पातेलं उचलावंच लागतं. कुकरला इंडक्शन उत्तम: पहिली शिट्टी होईपर्यंत १२०० वॅट, मग ६००-८०० वर आणून टायमर लावा आणि अंघोळीला जा.

मंद आचेवर मात्र पारडं फिरतं. स्वस्तातली इंडक्शन खालच्या पायऱ्यांवर आच कमी करत नाहीत. ती काही सेकंद जोरात चालतात, काही सेकंद बंद राहतात. बासुंदी आटवताना किंवा पुरण शिजवताना पातळ बुडाचं भांडं असेल तर तळाला लागणारच. जाड बूड घ्या आणि ढवळत राहा. इन्फ्रारेडही चालू-बंद होतं, पण तापलेली काच मधला खंड भरून काढते, त्यामुळे आच सलग वाटते.

फोडणीचं काय, हे दुकानात कुणी सांगत नाही. लहान बुडाचं भांडं इंडक्शनला दिसतच नाही. बूड साधारण १२ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर पिकपिक आवाज करून ते थांबतं. त्यामुळे फोडणीची पळी आणि एका कपाचं चहाचं भांडं बाद. वरणाला वरून फोडणी द्यायची सवय असेल तर सपाट बुडाचं लोखंडी कढलं वेगळं घ्यावं लागतं. तेल मात्र झपाट्याने तापतं. मोहरी हातात घेऊनच बटण दाबा.

भाकरी हा तर खरा कस. इंडक्शनच्या आतलं वेटोळं तव्यापेक्षा लहान असतं. मध्ये डाग पडतात, कडा पांढऱ्या राहतात. बिडाचा जाड तवा मध्यम आचेवर पाच मिनिटं तापू दिला तर उष्णता कडेपर्यंत पोचते. आंबोळी-घावनांनाही हाच नियम. पत्र्याचा पातळ तवा एकदम २००० वॅटवर ठेवला तर वाकतो आणि मग काचेवर गिरक्या घेतो. पण ज्वाळ नाही म्हणजे भाकरी तव्यावरच फडक्याने दाबून फुगवायची. पापुद्रा सुटतो, ती खरपूस चव येत नाही. इन्फ्रारेडवर तवा बाजूला करून पायांची जाळी ठेवली की भाकरी, फुलके, पापड होतात, वांगंही भाजतं. पीठ आणि वांग्याचा रस काचेवर पडून जळतो, हा त्याचा खर्च. ज्या घरात रोज भाकरी लागते आणि गॅस अजिबात नाही, तिथे मी इन्फ्रारेडच सुचवेन. गॅस आहे आणि जोडीला काही हवं, तर इंडक्शन.

बिलाचा हिशोब

१४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट विजेइतकी उष्णता असते. शेगडीवर तिच्यातला साठ-पासष्ट टक्के भाग भांड्यापर्यंत पोचतो असं धरू. तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर करायला १३० ते १४० युनिट लागतील, इन्फ्रारेडवर १५५ ते १६५. आता आपल्या बिलातला युनिटचा दर घेऊन गुणाकार करा आणि सिलिंडरच्या किमतीशेजारी ठेवा.

गोम दरात आहे. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटनंतर दर एकदम चढतो, ३०० नंतर पुन्हा. महिन्याला ९० युनिट वापरणाऱ्या घराने इंडक्शनवर आणखी ६० वापरले, तर त्यातले ५० वरच्या दराने लागतात. म्हणून सरासरी दर न घेता वरच्या टप्प्याचा घ्या. त्यात वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क मिळवा. स्थिर आकार सोडून द्या, तो एरवीही भरावा लागतोच. बहुतेक घरांत असं दिसेल की चहा-दूध-कुकर विजेवर नेले तर फारसं बिघडत नाही, पण अख्खा स्वयंपाक नेला तर बिल टप्पा ओलांडतं. छतावर सोलर असेल तर हे गणितच बदलतं.

वापरताना

इन्फ्रारेडचा मुख्य धोका म्हणजे बंद केल्यावरची काच. लाल रंग विझतो, पण हात भाजेल इतकी ती बराच वेळ गरम राहते. घरात रांगतं किंवा ओट्याशी हात पोचणारं मूल असेल तर इंडक्शनकडे झुका. उलट घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्यांनी चालू इंडक्शनपासून दोनेक फूट लांब राहावं असं सांगतात. रोज तीच व्यक्ती स्वयंपाक करणार असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, नाहीतर सरळ इन्फ्रारेड घ्या.

इंडक्शनवर रिकामं भांडं ठेवून वळू नका. नॉनस्टिक तवा रिकामा तापून २६० अंशांच्या पुढे गेला की त्याचा थर बिघडून धूर सुटू लागतो, आणि इंडक्शनवर तिथवर पोचायला फार वेळ लागत नाही.

दोन्हींना श्वास घ्यायला जागा हवी. पंख्याची जाळी खाली किंवा मागे असते. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा. खाली वर्तमानपत्र, मेणकापड किंवा टॉवेल अंथरू नका, कागद वर ओढला जाऊन पंखा गुदमरतो. स्वयंपाक झाल्यावर पंखा थोडा वेळ चालूच राहतो. तो थांबल्यावरच भिंतीवरचं बटण बंद करा. घाईने बंद केलं तर आतली उष्णता आतच कोंडते.

साफसफाई आणि दुरुस्ती

काच निवल्यावर ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. डाग हट्टी असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावा आणि थोड्या वेळाने पुसा. तारेची घासणी नको, ओरखडे कायमचे राहतात. काचेवर पाणी ओतून धुणं तर मुळीच नको. गुळाचा पाक किंवा साखर सांडली तर इन्फ्रारेडवर थांबू नका. बटण बंद करून भांडं उचला आणि पाक गरम असतानाच लांब दांड्याच्या उलथन्याने, हात जपून, खरवडून काढा. निवून घट्ट झालेला पाक काचेचा टवका घेऊन निघतो. काचेला केसाएवढी जरी तड गेली तरी वापर बंद. उतू गेलेलं त्या फटीतून थेट विजेच्या भागांवर उतरतं.

इंडक्शनला झुरळांचाही त्रास होतो. आत ऊब असते, अंधार असतो, आणि जाळीतून वाट. सर्किटवर झुरळ फिरलं की शॉर्ट. रात्री ते ओट्यावर तसंच न ठेवता पुसून, प्लग काढून कोरड्या फडताळात उभं ठेवा. महिन्यातून एकदा, प्लग काढलेला असताना, मऊ ब्रशने जाळीवरची धूळ आणि तेलकट चिकटा काढा.

बंद पडलंच तर इन्फ्रारेडमध्ये बहुतेकदा तापणारी पट्टी गेलेली असते, ती बदलून मिळते. इंडक्शनमध्ये फ्यूज उडालेला दिसतो, पण तो उडण्यामागे पुष्कळदा आयजीबीटी नावाचा भाग शॉर्ट झालेला असतो. तो न बदलता नुसता फ्यूज टाकला तर चालू करताक्षणी पुन्हा उडतो. दुरुस्तीला द्याल तेव्हा आयजीबीटी आणि पंखा दोन्ही तपासलेत का, हे विचारूनच पैसे द्या.