शेजारची शाळा की विशेष शाळा: अनुदानाच्या दोन वाटा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 31 नुसार 6 ते 18 वयोगटातील लक्षणीय (म्हणजे किमान 40 टक्के) दिव्यांगत्व असलेल्या मुलाला शेजारची शाळा किंवा विशेष शाळा यांतून निवड करता येते; महाराष्ट्रात मात्र या दोन्हींचा पैसा निरनिराळ्या विभागांतून येतो. शेजारच्या, म्हणजे सर्वसाधारण शाळेत शालेय शिक्षण विभागामार्फत राबवल्या जाणाऱ्या समग्र शिक्षा योजनेतून, केंद्र व राज्य यांच्या 60:40 वाट्याने, दर मुलामागे वर्षाला 3500 रुपयांपर्यंत तरतूद असते आणि मुलींना दहा महिने दरमहा 200 रुपये भत्ता मिळतो. मूल घरी राहते, हा मोठाच लाभ. पण फिरता विशेष शिक्षक येईल त्याच दिवशी अंध मुलाची ब्रेलची पाटी दप्तरातून बाहेर निघते, एरवी ते मूल नुसते ऐकत बसते.

विशेष शाळा बहुधा स्वयंसेवी संस्था चालवतात आणि अनुदानित शाळांतील मंजूर पदांचे वेतन दिव्यांग कल्याण विभाग देतो. प्रशिक्षित शिक्षक तिथे रोज समोर असतो, मात्र लहान वयात वसतिगृह पत्करावे लागते. कर्णबधिर मुलासाठी सुरुवातीची वर्षे तरी मी विशेष शाळाच सुचवेन, कारण सांकेतिक भाषा सोबत्यांतच रुजते. चालण्यापुरती अडचण असलेल्या मुलाला मात्र कठडा असलेला उतार (रॅम्प) आणि वापरता येण्याजोगे स्वच्छतागृह असलेली गावातलीच शाळा पुरे.