स्लॅब, पत्रा की जुन्या विटांचे कमानी छत?

जुन्या नाशकात एखादा वाडा उतरवला की त्याचे सागवान आधी विकले जाते आणि पातळ विटा व कौले ट्रॉलीने कुठल्यातरी प्लॉटवर भराव म्हणून पडतात. सिन्नर, निफाड किंवा दिंडोरीकडे शेतावर दोन खोल्या बांधू पाहणाऱ्याने हा भराव जरूर पाहून यावा, कारण त्याच विटांतून सळईच्या जाळ्याविना छत उभे राहू शकते; मात्र ते स्लॅबपेक्षा स्वस्त पडेल की नाही, हे विटांच्या भावापेक्षा कडेच्या भिंतींवर अधिक अवलंबून असते.

पत्र्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. तो लवकर चढतो, पुढे काढून दुसरीकडे लावता येतो आणि अवजारांच्या खोलीला पुरेसा आहे, पण राहत्या खोलीची तो एप्रिल-मेमध्ये भट्टी करतो.

पाच इंची स्लॅबचे स्वतःचे वजनच दर चौरस मीटरला सुमारे 300 किलो भरते, आणि सपाट असल्यामुळे त्याच्या खालच्या बाजूस येणारा ताण पेलायला सळई लागतेच. कमानी छतात भार दाबाच्या रूपाने कडेला उतरतो व वीट दाब उत्तम सोसते, म्हणून पातळ विटांचे दोन थर मिळून सात सेंटीमीटर जाडीही पुरू शकते आणि वजन निम्म्याहून खाली येते. स्पॅनिश बांधकामतज्ज्ञ राफाएल ग्वास्ताविनो यांनी 1881 मध्ये स्पेनहून अमेरिकेत नेलेल्या पद्धतीत पहिला थर झटपट आवळणाऱ्या प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये लावत जातात, त्यामुळे सेंटरिंग, म्हणजे छताखालचा तात्पुरता आधार, जवळजवळ वाचते. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्समच, आणि ते पाण्याने खराब होत असल्याने वरचे थर सिमेंटच्या मालात घेतात. दक्षिण आफ्रिकेतील मापुंगुब्वे येथे 2009 मध्ये पुरी झालेली याच पद्धतीची छते तर स्थानिक लोकांनी दाबून केलेल्या माती-सिमेंटच्या फरश्यांची आहेत.

खरी अडचण कडेला आहे. दोन भिंतींत तीन मीटर अंतर असलेल्या छताला मधोमध 60 सेंटीमीटर उंची दिली आणि एकूण भार चौरस मीटरला 250 किलो धरला, तर भिंतीच्या प्रत्येक मीटरला सुमारे 470 किलोंचा आडवा रेटा बसतो. उंची निम्मी केली की हाच रेटा दुप्पट होतो. नऊ इंची भिंत एवढा रेटा एकटी पेलेल असे धरून चालू नये. दर दीड मीटरवर ताणसळई, म्हणजे समोरासमोरच्या भिंती एकमेकींना बांधणारी आडवी सळई, घातली, तर प्रत्येकीवर 700 किलोंच्या आसपास ताण येतो, म्हणजे लोखंड पूर्णपणे टळत नाही, फक्त थोडे लागते. नाशिक 2016 च्या भूकंप-नकाशात तिसऱ्या पट्ट्यात असल्याने ताणसळया आणि भिंतीवरचा पट्टा-बीम यांचा हिशेब संरचना अभियंत्याकडूनच घ्यावा.

टाकाऊ मालही निवडूनच घ्यावा लागतो. चुन्यातील जुनी वीट करणीच्या दोन ठोक्यांत साफ निघते, तर सिमेंटमधली बहुधा तुटूनच हाती येते. दोन विटा एकमेकींवर आपटून खणखणीत आवाज येतो का ते पाहावे, लोणा लागलेली वीट बाजूला काढावी. तुकडे कुटून त्यांची सुरखी चुन्यात वापरता येते. गुळगुळीत टाइल्सचे तुकडे माल नीट धरत नाहीत, त्यांनी वरून चायना मोझॅक करावा. या वेचणीची आणि कमान जमणाऱ्या गवंड्याची मजुरी अंदाजपत्रकात न धरणारा मनुष्य नंतर पस्तावतो.

पुढे मजला चढवायचा असेल, गच्चीवर कुरडया वाळवायच्या असतील किंवा हजार लिटरची टाकी ठेवायची असेल, तर कमानी छताचा विचार सोडावा. एकाच जागी पडलेला एक टन भार त्याला मानवत नाही. अशांसाठी वास्तुकार लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेला फिलर स्लॅब मला अधिक योग्य वाटतो. त्यात सळयांमधल्या जागेत खालच्या बाजूस जुनी मंगलोरी कौले बसवून तेवढे काँक्रीट वाचवतात, आणि स्लॅब ओतणारा आपला नेहमीचा मिस्त्री ते काम थोड्या देखरेखीत करतो. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसातही, दोन कमानींमधल्या पन्हाळीत पाणी तुंबण्याची धास्ती नको असल्यास, हाच पर्याय धरावा.

एकमजली घर, अरुंद खोल्या आणि जवळच मिळणारी वाड्याची वीट हे तिन्ही जुळत असल्यास आधी पंपाच्या खोलीवर एक कमान बांधून घ्यावी, माल पुरता कडक होऊ द्यावा आणि अभियंत्यासमक्ष वाळूची पोती मुद्दाम एकाच बाजूवर रचून तडे पाहावेत. त्या वेळी खाली कोणी उभे राहू नये.