जुन्या पलटी नांगराची हायड्रॉलिक दुरुस्ती: तालुक्यातील एका वर्कशॉपविषयी

हायड्रॉलिक पलटी नांगर उलटताना मध्येच अडकू लागला, की बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला मिळतो तो ट्रॅक्टरचा पंप बदलण्याचा. आमचा जुना दोन फाळी नांगर ज्या वर्कशॉपमध्ये नेला, तेथे मात्र आधी मोजायचे आणि मगच खोलायचे अशी पद्धत आहे, आणि त्या एका कारणासाठी मी ते इतरांना सुचवीन.

तपासणीची सुरुवात हायड्रॉलिकपासून झालीच नाही. फ्रेम ज्या शाफ्टवर फिरते तेथील ग्रीस वाळून बेअरिंग जाम झाले असेल, तर दाब पुरेसा असूनही नांगर पलटत नाही. त्यामुळे मिस्त्रींनी प्रथम तेच पाहिले. त्यानंतर तेलाची पातळी आणि रंग पाहिला, कारण दुधाळ तेल पाणी शिरल्याची खूण असते, तर फेसाळ तेल बहुधा सक्शनच्या, म्हणजे पंप तेल ओढतो त्या बाजूने हवा ओढली जात असल्याचे सांगते. मग सक्शनची जाळी साफ करून कपलरला, म्हणजे पाइप जोडण्याच्या तोंडाला, प्रेशर गेज लावला. लिव्हर धरून ठेवल्यावर काटा १७० बारच्या आसपास स्थिर राहिला, म्हणजे पंप आणि रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारी झडप) निर्दोष ठरले.

उरला जॅक, म्हणजे तेलाच्या दाबाने दांडा पुढे-मागे सरकवून नांगर पलटवणारा सिलिंडर. दांडा पूर्ण बाहेर काढला, ट्रॅक्टर बंद करून लिव्हर हलवून पाइपांतील दाब सोडला, दांड्याच्या बाजूचा पाइप काढला आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा दाब दिला. दांडा आणखी पुढे जाऊ शकत नसल्याने आतील पिस्टनचे सील (तेल पलीकडे जाऊ न देणारी कडी) शाबूत असेल तर मोकळ्या तोंडातून तेल येत राहायला नको. येथे ते धारेने येत राहिले. ही गळती आतल्या आत होते, जमिनीवर तेलाचा थेंबही पडत नाही, आणि म्हणूनच दोष पंपाच्या माथी मारला जातो. सील किट बदलले, शिवाय दांड्यावरील क्रोम गंजाने खड्डे पडून खराब झाले होते म्हणून ते नव्याने चढवून घेतले. अन्यथा दांड्याचे नवे सीलही लवकरच कापले गेले असते. या कामासाठी दांडा बाहेर पाठवावा लागल्यामुळे उन्हाळी नांगरट लांबली, तरी एकूण खर्च नव्या पंपापेक्षा बराच कमी आला.

एक गोष्ट मात्र खटकली. चालू दाबाखाली असलेल्या पाइपची गळती तेथील एक मुलगा हाताने चाचपत होता. सूक्ष्म छिद्रातून उडणारे तेल कातडी भेदून आत शिरते आणि अशी जखम वरून किरकोळ दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया करण्याची वेळ येऊ शकते; गळती पुठ्ठा धरून शोधावी, हे मिस्त्रींना स्वतःला ठाऊक असूनही त्यांनी मुलाला हटकले नाही.

बिलही एकरकमी होते. जुन्या जॅकचे सील मापावरूनच शोधावे लागते, तेव्हा येथे काम देणाऱ्यांनी दांड्याचा व्यास, सिलिंडरचा आतील व्यास आणि बसविलेल्या सीलचे माप बिलावर आग्रहाने लिहून घ्यावे.