आयकॉल हेल्पलाइन: फोनवर बोलायला घरात जागा नसेल तर ईमेल करा

आयकॉलबद्दल नेटवर जे वाचायला मिळतं ते जास्त करून फोन सेवेबद्दल असतं, मी त्यांच्या ईमेल काउन्सेलिंगबद्दल लिहितेय, कारण २०२० मध्ये मला खरा आधार तिथून मिळाला आणि अशी सोय आहे हेच कितीतरी स्टुडंट्सना माहीत नसतं.

आयकॉल ही मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची, म्हणजे देवनारच्या टिसची सेवा. २०१२ पासून चालू आहे, एक रुपया लागत नाही, पलीकडे सायकॉलॉजी शिकलेले काउन्सेलर असतात, आणि मराठीत बोललं तरी चालतं.

आता ईमेलच का, तर मार्चमध्ये कोविडमुळे हॉस्टेल रिकामं करायला लावलं आणि मी चार कपडे घेऊन पुण्याहून अंबाजोगाईजवळ आमच्या गावी आले. घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं, माणसं पाच. रेंज यायची ती पाण्याच्या टाकीपाशी आणि तिथं कायम कुणी ना कुणी बसलेलं. अशा ठिकाणी फोनवर काय सांगणार, की रात्र रात्र झोप लागत नाही आणि सकाळी उठावंसं वाटत नाही? जरा आवाज बारीक केला की आजी आतून विचारणार, "कुणाला बोलायलीस गं इतकं हळू?" शहरातल्या लोकांना वाटतं हेल्पलाइन नंबर दिला की काम झालं, पण बोलायला बंद करता येईल असं एक दार तरी घराला लागतं ना.

त्याआधी दुसऱ्या एका हेल्पलाइनला फोन लावून झाला होता, तिथं पॉझिटिव्ह राहा, योगा करा, लोकांवर काय काय वेळ आलीय बघा असं सांगून त्यांनी ठेवून दिला. कॉलेजनं पाठवलेला गूगल फॉर्म पण भरला होता. डीनर या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये केलेली ती आयुष्याच्या समाधानाची स्केल, पाच वाक्यं, प्रत्येकाला १ ते ७ मार्क, बेरीज ५ ते ३५ च्या मध्ये येते आणि २० म्हणजे धड समाधानी नाही धड असमाधानी नाही. स्केल चांगलीच आहे, जगभर वापरतात, पण माझी बेरीज २० च्या बरीच खाली होती आणि त्यानंतर कुणाचा साधा मेसेज पण आला नाही. मोजायचं आणि सोडून द्यायचं हे मला आजही पटत नाही.

आयकॉलला मी रात्री सगळे झोपल्यावर गोधडीत मोबाइल धरून लिहायचे, अर्धं मराठी अर्धं इंग्लिश, जसं सुचेल तसं. उत्तर आलं ते कॉपी पेस्ट नव्हतं, मी लिहिलेल्या बारीकसारीक गोष्टी धरून प्रश्न विचारले होते. एक प्रश्न असा होता की तुम्हाला परीक्षेची भीती वाटतेय की परीक्षा होणार का नाही हे कळत नाहीये त्याचा त्रास होतोय? हे दोन वेगळे आहेत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या वर्षी फायनल इयरला जे होते त्यांना आठवत असेल, राज्य सरकार म्हणत होतं परीक्षा नको, ६ जुलैला यूजीसीनं, म्हणजे केंद्राच्या विद्यापीठ अनुदान आयोगानं सांगितलं सप्टेंबरअखेर घ्याच, मग सुप्रीम कोर्ट, आणि २८ ऑगस्टला निकाल की परीक्षेशिवाय डिग्री नाही. तोवर रोज नवीन पीडीएफ, रोज नवीन अफवा, आणि वरून 'कोविड बॅच'ला नोकरी कोण देणार हे नातेवाईकांचं. मग काउन्सेलरशी ठरलं की परीक्षेच्या बातम्या दिवसातून एकदाच, संध्याकाळी बघायच्या आणि ग्रुप म्यूट. ऐकायला साधं वाटतं, पण झोप तिथूनच सुधारायला लागली.

दुसरं म्हणजे या सगळ्याच्या आधी दिवसातला कुठला वेळ बरा जायचा असं त्यांनी विचारलं. मी लिहिलं, रविवारची मेसची फीस्ट, लायब्ररीतली खिडकीजवळची जागा, रात्री रूममेटसोबत चहाला जाणं. लिहून झाल्यावर खूप रडले. करिअर, पॅकेज यातलं त्यात काहीच नव्हतं, जे गेलं होतं ते हे होतं, आणि घरच्यांना ते कसं सांगायचं, कारण त्यांच्या दृष्टीनं मी घरी सुखरूप होते, दोन वेळचं गरम जेवत होते. मग रूममेटशी रात्री चहाच्या वेळेला चॅट करायचं ठरवलं, ती नांदेडला मी इकडे, दोघी कप घेऊन बसायचो.

एक लक्षात घ्या, ईमेलला उत्तर यायला वेळ लागतो, ते चॅटबॉट नाहीत. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर ईमेल लिहीत बसू नका, सरळ फोन करा. तेव्हा नव्हती पण आता टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून, नंबर 14416, फुकट, चोवीस तास. बाकी ज्यांना बोलायला जमत नाही, घरात जागा नाही किंवा तोंडातून शब्दच फुटत नाही, त्यांनी आयकॉलला लिहा. शुद्धलेखन, इंग्लिश कशाचं टेन्शन घेऊ नका, फक्त मोबाइल घरात सगळे वापरत असतील तर मेलला वेगळा पासवर्ड ठेवा आणि नोटिफिकेशन बंद करा.